तीन पिढ्यांचा हिशेब

गणपती गेले की हॉस्टेल कसं सुनंसुनं होतं. ढोल-ताशा पथकातली मंडळी पुन्हा लेक्चरला दिसायला लागतात, सबमिशनच्या तारखा लागतात, आणि घरी फोन करून नव्या लॅपटॉपचा विषय काढला की पलीकडून ठरलेलं उत्तर येतं, "आत्ता नको, पितृपक्ष चालू आहे. घटस्थापनेनंतर बघू." म्हणजे पितृपक्षात काय करायचं नाही हे आपल्याला पाठ असतं. काय करायचं असतं आणि कशासाठी, हे मात्र विचारलं की आपण एकमेकांकडे बघतो.

म्हणून हा छोटासा अभ्यास. आपल्या सवयीप्रमाणे आधी व्याख्या, मग गणित, मग कृती, मग आक्षेप आणि शेवटी एक असाइनमेंट. घाबरू नका, व्हायवा नाही!

व्याख्या

'श्राद्ध' हा शब्द 'श्रद्धा' या शब्दावरून आला. मृत नातेवाइकांना उद्देशून, त्यांचं नाव घेऊन, श्रद्धेनं जे अन्नपाणी दिलं जातं ते श्राद्ध. यातला 'नाव घेऊन' हा भाग लक्षात ठेवा, पुढे त्याचंच काम आहे. 'तर्पण' म्हणजे तृप्त करणं, इथे तीळ घातलेल्या पाण्याची ओंजळ सोडणं. 'पिंड' म्हणजे शिजवलेल्या भाताचा तीळ, तूप, मध वगैरे घालून केलेला गोळा.

ही प्रथा फार जुनी आहे. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलात पितरांना उद्देशून सूक्त आहे. मनुस्मृतीच्या तिसऱ्या अध्यायात श्राद्धाचे सविस्तर नियम आहेत. आपल्या मातीतही यावर भरपूर लिहिलं गेलं. तेराव्या शतकात देवगिरीच्या यादवांच्या दरबारातल्या हेमाद्रीनं, म्हणजे आपल्या हेमाडपंतानं, 'चतुर्वर्गचिंतामणी' या प्रचंड ग्रंथात श्राद्धावर वेगळा भाग लिहिला. अठराव्या शतकाच्या अखेरीस पंढरपूरच्या काशीनाथ उपाध्यायांनी 'धर्मसिंधु' लिहिला, तो आजही गुरुजींच्या हाताशी असतो. आणि विसाव्या शतकात महामहोपाध्याय पां. वा. काणे यांनी 'धर्मशास्त्राचा इतिहास' या आपल्या ग्रंथात या सगळ्याची ऐतिहासिक चिकित्सा केली. काण्यांना १९६३ मध्ये भारतरत्न मिळालं.

गावाकडे शब्द वेगळे. कुठे 'पितर जेवू घालणे', कुठे 'पक्ष', कोकण-गोव्याकडे 'म्हाळ'. म्हाळ हा 'महालय' शब्दाचाच बोलीतला अवतार. खानदेशात अक्षय्य तृतीयेला, म्हणजे आखाजीला, पितरांच्या नावानं पाण्याची घागर भरतात आणि आमरस-पुरणपोळीचा नैवेद्य दाखवतात. शब्द आणि पदार्थ बदलतात, मूळ गोष्ट तीच.

पंधरवड्याचं गणित

भाद्रपदाचा कृष्णपक्ष, प्रतिपदेपासून अमावास्येपर्यंत, हा पितृपक्ष. आता तिथी म्हणजे काय? सूर्य आणि चंद्र यांच्यातलं कोनीय अंतर १२ अंशांनी वाढलं की एक तिथी संपते. ३६० भागिले १२, म्हणजे महिन्यात ३० तिथी. चांद्रमास सरासरी २९.५३ दिवसांचा, म्हणून तिथी सरासरी २३ तास ३७ मिनिटांची. पण चंद्राचा वेग सारखा नसतो, त्यामुळे एखादी तिथी २० तासांच्या आसपास आटोपते, तर एखादी २६ तासांहून जास्त लांबते.

मग एका तारखेला दोन तिथी आल्या तर श्राद्ध कोणत्या दिवशी? सणांसाठी बऱ्याचदा सूर्योदयाची तिथी धरतात, श्राद्धासाठी मात्र 'अपराह्ण' बघतात. सूर्योदय ते सूर्यास्त या वेळेचे पाच समान भाग केले की चौथा भाग म्हणजे अपराह्ण. पितृपक्षात दिवस आणि रात्र जवळजवळ सारखे असतात. सहाला सूर्योदय आणि सहाला सूर्यास्त धरला तर प्रत्येक भाग २ तास २४ मिनिटांचा, आणि अपराह्ण दुपारी १ वाजून १२ मिनिटांपासून ३ वाजून ३६ मिनिटांपर्यंत. त्या वेळेत जी तिथी असेल तिचं श्राद्ध. कॅलेंडरात दिवसाची तिथी एक आणि खाली 'श्राद्ध' दुसऱ्याच तिथीचं असं दिसतं, ती छपाईची चूक नसते!

तारीख दरवर्षी का सरकते तेही बघा. सर्वपित्री अमावास्या २०२३ मध्ये १४ ऑक्टोबरला होती, २०२४ मध्ये २ ऑक्टोबरला आणि २०२५ मध्ये २१ सप्टेंबरला. दोन्ही वेळा मधलं अंतर मोजा, बरोबर ३५४ दिवस भरतं. हेच चांद्रवर्ष. सौरवर्षापेक्षा ते ११ दिवसांनी कमी. ही तूट साठत गेली की साधारण पावणेतीन वर्षांनी अधिक महिना येतो आणि हिशेब पुन्हा जुळतो. २०२३ मध्ये अधिक श्रावण होता, म्हणून त्या वर्षी पितृपक्ष एवढा लांबला.

कोणासाठी कोणता दिवस

साधा नियम असा, की माणूस ज्या तिथीला गेला त्या तिथीला पितृपक्षात त्याचं श्राद्ध. वर्षातून एकदा मृत्यूच्या महिन्यात त्याच तिथीला होतं ते वर्षश्राद्ध वेगळं. शिवाय काही दिवस राखीव आहेत. नवरा हयात असताना गेलेल्या स्त्रियांसाठी नवमी, तिला अविधवा नवमी म्हणतात. संन्याशांसाठी द्वादशी. शस्त्रानं किंवा अपघातात गेलेल्यांसाठी चतुर्दशी. आणि ज्यांची तिथी माहीत नाही, किंवा ज्यांचं त्या दिवशी करणं जमलं नाही, त्या सगळ्यांसाठी अमावास्या. म्हणून ती 'सर्वपित्री'.

ही शेवटची सोय मला सगळ्यात मोलाची वाटते. २०२० आणि २०२१ मध्ये करोनाच्या काळात कितीतरी घरांत माणूस परस्पर दवाखान्यातून गेला. घरच्यांना शेवटचं तोंड बघता आलं नाही, दहाव्याला चार माणसं जमली नाहीत. अशा घरांसाठी सर्वपित्री अमावास्येला नुसती एक ओंजळ पाणी सोडणं हासुद्धा केवढा आधार असेल!

कृती

संपूर्ण विधी मोठा आहे, त्याचा सांगाडा असा. करणारा दक्षिणेकडे तोंड करून बसतो, कारण दक्षिण ही पितरांची दिशा. जानवं असेल तर ते उजव्या खांद्यावर घेतात, त्याला अपसव्य म्हणतात. समोर दर्भ, काळे तीळ, पाणी. देवांसाठी पाणी बोटांच्या टोकांवरून सोडतात, पितरांसाठी अंगठा आणि तर्जनी यांच्या मधून. त्या जागेला पितृतीर्थ असं नाव आहे. मग पितरांच्या जागी बोलावलेल्यांना जेवण, तीन पिढ्यांचे तीन पिंड आणि तर्पण.

वडील वसुरूप, आजोबा रुद्ररूप आणि पणजोबा आदित्यरूप मानतात. माणूस जाऊन जितका काळ लोटतो तितका तो घरापासून दूर आणि आकाशाच्या जवळ जातो, अशी काहीशी ही कल्पना. आणि पुढच्या पिढीतलं कोणी वारलं की चौथा या तिघांतून बाहेर पडतो. त्याला स्वतंत्र पिंड नाही, हाताला चिकटलेल्या भाताचा लेप तेवढा त्याच्या वाट्याचा. म्हणजे आठवणीलाही मुदत आहे!

घरगुती रूप याहून सोपं. तांदळाची खीर, वडे, अळूची भाजी, भोपळा, गवार, कारलं, आमसुलाची चटणी, कढी असा स्वयंपाक होतो. गाईचं आणि कावळ्याचं पान वेगळं काढतात. अनेक गावांत शेजारपाजारच्या एखाद्याला 'पितर' म्हणून जेवायला बोलावतात. त्या दिवशी तो आजोबांच्या जागी! काही ठिकाणी निखाऱ्यावर तूप आणि घास सोडून आगारी टाकतात.

ऐपत नसलेल्यांचाही विचार केलेला आहे. स्वयंपाक जमत नसेल तर कोरडा शिधा द्यावा, ते आमश्राद्ध. शिधाही जमत नसेल तर यथाशक्ती पैसे, ते हिरण्यश्राद्ध. विष्णुपुराणात तर अगदी शेवटचा पर्याय दिला आहे. ज्याच्याकडे काहीच नाही त्यानं रानात जावं, दोन्ही हात वर करावेत आणि पितरांना सांगावं, की माझ्याकडे धन नाही, धान्य नाही, भक्ती तेवढी आहे, तिच्यानं तृप्त व्हा. महिनाअखेरीस मेसचं बिल थकलेल्या कुठल्याही हॉस्टेलवाल्याला परवडेल असं हे श्राद्ध.

यादी आणि तिच्यातली गाळलेली नावं

आता मुख्य मुद्दा. वर म्हटलं तसं श्राद्धात नाव घ्यावं लागतं. 'आमचे पूर्वज' असं मोघम चालत नाही. नातं, नाव, गोत्र सगळं सांगायचं. कोणाची नावं? वडील, आजोबा, पणजोबा. आई, आजी, पणजी. मग आईचे वडील, त्यांचे वडील आणि त्यांचेही वडील, सगळे सपत्नीक. अशी झाली बारा नावं.

आता वही घ्या आणि आपलं झाड काढा. आईवडील २, त्यांचे आईवडील ४, त्यांचे आईवडील ८. तीन पिढ्यांत एकूण १४ माणसं. या १४ पैकी किती जण त्या बारांत आहेत? मोजून बघा, १० येतात. उरलेली दोन नावं आईच्या वडिलांकडच्या चौथ्या पिढीची आहेत. मग १४ मधून गळलेले चार कोण? वडिलांच्या आईचे आईवडील आणि आईच्या आईचे आईवडील. म्हणजे दोन्ही आज्यांचं माहेर!

ज्या आजीच्या मांडीवर आपण वाढलो, तिचा बाप आपल्या यादीत नाही. त्याचं नाव त्याच्या मुलाच्या वंशात घेतलं जाईल हे खरं, पण मुलगा नसेल तर? काही पिढ्यांत ते नाव कोणाच्याच तोंडी उरत नाही. समाजात बाईचं माहेर कसं मागे पडत गेलं हे सांगायला मोठा प्रबंध नको, एवढी बेरीज-वजाबाकी पुरे आहे.

आणि तरीही या प्रथेचं मन कोतं आहे असं म्हणता येत नाही. पितृपक्षातल्या महालयात ही बारा नावं झाल्यावर काका, मामा, आत्या, मावशी, भाऊ, बहीण, सासरे, गुरू, शिष्य आणि मित्र यांचीही नावं घेता येतात. होय, मित्रसुद्धा! तर्पणाच्या शेवटी तर ज्यांना आई नाही, बाप नाही, कोणी नातलग नाही अशा अनोळखी जिवांसाठीही पाणी सोडतात. मला सगळ्या विधीत ही ओंजळ सर्वात मोठी वाटते.

नाशिक आणि त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांकडे घराण्यांच्या जुन्या वह्या असतात. गाव आणि आडनाव सांगितलं की ते नेमकी वही काढतात, आणि कधी कधी तिच्यात आपल्या पणजोबांच्या हातची नोंद निघते. कॉम्प्युटरवाल्यांनी याला इंडेक्सिंग म्हणायला हरकत नाही. वीज नाही, सर्व्हर नाही, तरी कित्येक पिढ्यांचा डेटा शाबूत!

आक्षेप

प्रश्न विचारणारे आपण पहिले नाही. चार्वाकांनी फार पूर्वीच विचारलं होतं, की इथे जेवू घातलेलं जर मेलेल्याला पोचत असेल, तर प्रवासाला निघालेल्याला शिदोरी कशाला बांधून द्यायची? घरीच कोणाला तरी जेवू घाला, त्याचं पोट वाटेत भरेल! चौदाव्या शतकातल्या 'सर्वदर्शनसंग्रह' या ग्रंथात हा युक्तिवाद नोंदलेला आहे.

दुसरा आक्षेप पंगतीत कोण बसणार याचा. पैठणच्या एकनाथांची कथा आपण सगळ्यांनी ऐकली आहे. श्राद्धाच्या स्वयंपाकाचा वास आला म्हणून ज्यांना त्या काळी अस्पृश्य मानत अशा भुकेल्यांना नाथांनी ते अन्न वाढलं. ब्राह्मण रागावून जेवायला आले नाहीत, तेव्हा पितर स्वतः येऊन जेवून गेले. ही कथा कोणी चमत्कार म्हणून घेवो वा न घेवो, तिचा अर्थ स्वच्छ आहे.

पुढे महात्मा फुल्यांनी १८७३ मध्ये सत्यशोधक समाज स्थापन केला आणि भटजीशिवाय विधी करता येतात हे दाखवलं. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला डॉ. आंबेडकरांनी बौद्ध धम्माची दीक्षा घेतली, तेव्हा दिलेल्या बावीस प्रतिज्ञांमध्ये श्राद्ध आणि पिंडदान करणार नाही अशी स्पष्ट प्रतिज्ञा आहे. आपल्याच हॉस्टेलमध्ये कितीतरी घरं ही प्रतिज्ञा पाळणारी आहेत. त्यामागे शतकांचा अनुभव आहे, म्हणून पितृपक्षाबद्दल बोलताना 'आपल्याकडे सगळेच करतात' असं म्हणायचं नसतं.

आणि बायकांनी करायचं की नाही? लोककथेत गयेला दशरथाचा पिंड सीतेनंच दिला, तोही वाळूचा. फल्गु नदीनं खोटी साक्ष दिली म्हणून सीतेच्या शापानं ती वाळूखालून वाहते असं सांगतात. सिव्हिलवाल्यांसाठी पुरवणी माहिती अशी, की त्याच फल्गुवर विष्णुपद मंदिराजवळ पाणी टिकावं म्हणून ४११ मीटर लांबीचं रबर धरण बांधून सप्टेंबर २०२२ मध्ये सुरू झालं. आणि ते विष्णुपद मंदिर आजच्या रूपात कोणी उभारलं? अठराव्या शतकात अहिल्याबाई होळकरांनी, एका बाईनं! आज पुण्याच्या ज्ञानप्रबोधिनीत स्त्रियाही पौरोहित्य शिकतात. एकुलत्या एका मुलीनं आईवडिलांचं करणं ही गोष्ट आता शहरांत तितकी नवलाची राहिलेली नाही.

एक इशारा

दर पितृपक्षात व्हॉट्सॲपवर एक मजकूर फिरतो. कावळे भाद्रपदात अंडी घालतात, त्यांच्या पिल्लांना अन्न मिळावं, आणि कावळ्यांशिवाय वड-पिंपळ उगवत नाहीत, म्हणून ऋषींनी श्राद्ध सुरू केलं म्हणे! इंजिनिअरिंगच्या विद्यार्थ्यानं तरी हे पुढे पाठवू नये. कावळ्याचं घरटं किती उंचावर आहे यावरून आपले शेतकरी येणाऱ्या पावसाचा अंदाज बांधतात. म्हणजे घरटं पावसाच्या आधीच बांधलेलं असतं, आणि भाद्रपद उजाडेपर्यंत बहुतेक पिल्लं उडून गेलेली असतात. वड-पिंपळाची फळं साळुंकी, बुलबुल, तांबट, हरियाल आणि वटवाघळंही खातात, त्यांच्या विष्ठेतून बिया सगळीकडे पडतात आणि रुजतात. श्राद्धाला असला खोटा टेकू लागत नाही. मेलेल्या माणसाची आठवण काढावीशी वाटणं एवढं कारण त्याला पुरेसं आहे.

हॉस्टेलवाल्यांसाठी

वडील हयात असतील तर मुलानं श्राद्ध करायचं नसतं, असा सर्वसाधारण नियम. म्हणजे आपल्यापैकी बहुतेकांना या अभ्यासक्रमात प्रवेशच नाही, आणि तो लवकर न मिळो. पण एक अपवाद खास आपल्यासाठी आहे. सर्वपित्री अमावास्येच्या दुसऱ्या दिवशी, अश्विन शुद्ध प्रतिपदेला, मुलीच्या मुलानं स्वतःचे वडील जिवंत असतानाही आईच्या दिवंगत वडिलांचं श्राद्ध करायचं असतं. याला आजेपाडवा म्हणतात. एकीकडे घट बसतात आणि एकीकडे नातू आजोबांना पाणी देतो.

काहींना मात्र हा प्रवेश फार लवकर मिळतो. एकोणिसाव्या वर्षी वडिलांचं वर्षश्राद्ध करायला गावी जाऊन दुसऱ्या दिवशी प्रॅक्टिकलला उभे राहणारे विद्यार्थी दर बॅचमध्ये असतात. ते सहसा कोणाला सांगत नाहीत. 'घरी काम आहे' एवढंच म्हणतात. सरांनी आणि मॅडमनी अशा सुट्टीची फार चौकशी करू नये, आणि मित्रांनी त्या दिवसाच्या नोट्स न मागता आणून द्याव्यात, एवढी विनंती इथे करून ठेवतो.

आणि आता असाइनमेंट. तुम्ही श्राद्ध मानत असा वा नसा, कोणत्याही धर्माचे असा, एक कोरं पान घ्या. त्यावर १४ चौकोन काढा आणि नावं भरा. पहिले सहा पटकन भरतील. पणजोबांच्या ओळीला पेन अडखळेल. पणज्यांची नावं बहुतेकांना येणार नाहीत, आणि आज्यांच्या आईवडिलांचे चार चौकोन तर रिकामेच राहतील. मग घरी फोन लावा. लॅपटॉपचा विषय काढू नका. आजी असेल तर तिलाच फोन द्यायला सांगा आणि विचारा, "आजी, तुझ्या आईचं नाव काय गं होतं?"

बघा ती किती वेळ बोलते ते. नाव लिहून घ्या, गाव लिहून घ्या. हे काम पुढच्या सेमिस्टरवर ढकलू नका, कारण त्या नावाची दुसरी प्रत कुठेही नाही.